वस्तीच्या प्रश्नावर वस्तीचेच नाटक: पहिल्या बैठकीपासून वॉर्ड ऑफिसच्या पोचपावतीपर्यंत

संडासाच्या दाराला कडी नाही, ही गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते, पण ती चारचौघांत मोठ्याने बोलली जात नाही. प्रत्येकीने आपापल्या परीने त्यावर तोड काढलेली असते. एकीने आत जायचे आणि दुसरीने दार धरायचे, संध्याकाळनंतर पाणी कमी प्यायचे, मुलीला एकटीला पाठवायचे नाही. अशी तोड वर्षानुवर्षे चालत राहिली की प्रश्न प्रश्न वाटेनासा होतो आणि दिनक्रमात मिसळून जातो. वस्तीतल्या लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या नाटकाचे काम इथे सुरू होते. सवयीचे झालेले दुःख ते चौकात आणून ठेवते आणि शेजाऱ्यांना विचारते, 'या बाईच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?'

असे नाटक उभे करण्याची रीत या लेखात क्रमाने सांगितली आहे. उदाहरण मुद्दाम एकच घेतले आहे, मुंबईतल्या वस्तीतील सार्वजनिक संडासाचे, कारण एका प्रश्नाच्या तळापर्यंत गेल्याशिवाय ही रीत समजत नाही. पाणी, कचरा, दारूचा अड्डा किंवा अंगणवाडीची जागा अशा प्रश्नांनाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

कोणता प्रकार निवडावा

महाराष्ट्राला चौकातल्या नाटकाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरले, त्यांच्या मागोमाग आंबेडकरी जलसे उभे राहिले, १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढून गिरणगाव जागवला, आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तालुक्यातालुक्यांत प्रयोग केले. पुण्यातल्या गणेशमंडळांचे जिवंत देखावेही याच घरातले आहेत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: कलाकार बोलतात आणि लोक ऐकतात.

इथे जो प्रकार सुचवतो आहे त्यात लोकही बोलतात आणि उठून भूमिकाही करतात. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी तो विकसित केला आणि त्याला 'फोरम थिएटर' हे नाव रूढ झाले. आपल्याकडे पश्चिम बंगालमधील 'जन संस्कृती' ही संस्था १९८५ पासून सुंदरबन आणि आसपासच्या भागांत हे काम करत आली आहे. त्याची घडण साधी आहे. पंधरा-वीस मिनिटांचे नाटक एकदा पूर्ण दाखवायचे आणि त्यात मुख्य पात्र हरते. मग तेच नाटक पुन्हा सुरू करायचे. या वेळी प्रेक्षकांपैकी कोणीही 'थांबा' म्हणून त्या पात्राची जागा घेऊ शकतो आणि वेगळे काही करून पाहू शकतो.

भिंती रंगवण्याचा मोह अनेक गटांना होतो, कारण त्याचा परिणाम आठवड्याभरात दिसतो आणि त्याचे छायाचित्रही चांगले येते. घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरची घरे २०१७ च्या डिसेंबरमध्ये रंगवली गेली आणि मेट्रोतून जाणाऱ्यांचे लक्ष त्या टेकडीकडे गेले. त्या उपक्रमाचे कौतुक झाले आणि त्यावर प्रश्नही विचारले गेले. माझे मत असे की रंग शेवटी यावा. लोकांनी आपसांत बोलून काही ठरवले असेल, तर तो ठराव भिंतीवर रंगवणे योग्य आहे. बोलणे होण्याआधीच रंग लावला तर भिंत देखणी होते आणि विषय तिथेच संपतो.

वेळ आणि पैसा

पहिल्या भेटीपासून पहिल्या प्रयोगापर्यंत तीन ते साडेतीन महिने धरावेत आणि प्रयोगानंतरच्या पाठपुराव्यासाठी आणखी तीन. यापेक्षा कमी मुदतीत काम करून देण्याची अट कोणी देणगीदार घालत असेल, तर ते काम न घेतलेले बरे. पावसाळ्यात चौक मिळत नाही, गणपती आणि नवरात्रात कार्यकर्ते मोकळे नसतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरांत दहावी-बारावी असते, मे महिन्यात अर्धी वस्ती गावी गेलेली असते. त्यामुळे पावसाळा संपता संपता ऐकण्याचे काम सुरू करून, दिवाळीनंतर तालीम आणि जानेवारीत प्रयोग, ही आखणी मुंबईत सर्वांत सोयीची पडते. निवडणुका तोंडावर असतील तर तारीख पुढे ढकलावी, कारण आचारसंहितेत परवानग्या अडतात आणि प्रत्येक वाक्याला पक्षाचा रंग चढतो.

खर्चात नेपथ्य आणि वेशभूषा जवळजवळ नसतेच. खरा खर्च माणसांचा आहे, आणि तो लपवू नये. वस्तीतल्या बायका दुपारी इमिटेशनच्या माळा ओवतात, पापड लाटतात, शिलाईचे तुकडे जोडतात, आणि हे काम नगावर असते. दोन तासांच्या तालमीत त्यांची तेवढी कमाई बुडते, म्हणून प्रत्येक तालमीचे मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावे आणि ते सर्वांना सारखेच द्यावे, दिग्दर्शन करणाऱ्यालाही आणि फक्त हलगी वाजवणाऱ्यालाही. चहा-नाश्ता, लहान मुले सांभाळायला एक व्यक्ती, झेरॉक्स, ध्वनिक्षेपक आणि रात्रीच्या परतीचे रिक्षाभाडे एवढे धरले की यादी पुरी होते.

वस्तीत शिरताना

पहिले दार कोणाचे वाजवता यावर पुढचे सगळे अवलंबून असते. स्थानिक नगरसेवक किंवा मंडळाचा अध्यक्ष यांच्यामार्फत गेलात तर जागा, वीज आणि खुर्च्या तासाभरात मिळतात, पण त्यांच्या विरोधी गटातली घरे तुमच्यासाठी बंद होतात आणि संडासाच्या देखभालीबद्दल कोणी मोकळे बोलत नाही. म्हणून सुरुवात आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या बैठकीपासून करावी. घराघरांत त्यांची ये-जा असते, आणि कोणत्या गल्लीचे कोणत्या गल्लीशी पटत नाही हेही त्यांना ठाऊक असते. मंडळाच्या लोकांना मात्र अंधारात ठेवू नये. पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटून काय करणार आहोत ते स्पष्ट सांगावे, फक्त त्यांच्या बॅनरखाली काम करू नये.

वस्तीचे घड्याळ आधी समजून घ्यावे. पाणी येण्याच्या वेळेत कोणाकडेही जाऊ नये. साधारणपणे बायकांना दुपारी दोन ते चार आणि कामावरून परतणाऱ्या तरुणांना रात्री आठनंतर सवड असते, म्हणून दोन वेगळे गट करून नंतर ते जोडावे लागतात. पहिला महिना कोणतीही कार्यशाळा न घेता नुसते जावे, ओट्यावर बसावे, नावे लक्षात ठेवावीत. 'तुमच्या समस्या काय आहेत?' असे विचारू नये. या प्रश्नाला वस्तीने आजवर इतक्या संस्थांना उत्तर दिले आहे की ते पाठ झाले आहे: पाणी, गटार, संडास, बेकारी. त्याऐवजी 'सकाळी उठल्यावर पहिल्या तासात काय काय करावे लागते?' असे विचारले की रांगेचा, डब्याचा, सुट्ट्या पैशांचा आणि शाळेला होणाऱ्या उशिराचा तपशील आपोआप बाहेर येतो.

ऐकणे आणि मोजणे

ऐकण्यासाठी दोन सोपी साधने पुरेशी आहेत. पहिले, जमिनीवरचा नकाशा. गल्लीत किंवा समाजमंदिरात खडूने आणि रांगोळीने बायकांनीच वस्ती काढायची, आपापल्या घरावर एक खडा ठेवायचा, आणि संडासापर्यंतची वाट दिवसा एका रंगाने व रात्री दुसऱ्या रंगाने दाखवायची. या दोन वाटा बहुतेकदा वेगळ्या निघतात, आणि त्या का वेगळ्या आहेत हे सांगताना जे बोलणे होते ते नाटकाचे पहिले टिपण असते. दुसरे साधन म्हणजे गल्लीफेरी: दहा-बारा जणांनी तीच वाट रात्री नऊ वाजता प्रत्यक्ष चालायची आणि जिथे पाय थबकतात तिथे थांबून कारण लिहून घ्यायचे.

यासोबत मोजणी झालीच पाहिजे. कलेच्या उपक्रमात आकडे कशाला, असे अनेकांना वाटते, पण मोजणीशिवाय नाटक हळहळीवर थांबते आणि वॉर्ड ऑफिसात टिकत नाही. स्त्रियांच्या बाजूला किती सीट आहेत, त्यांपैकी किती चालू आहेत, किती दारांना आतून कडी आहे, किती ठिकाणी दिवा लागतो, नळाला पाणी किती वेळ असते, पास किती रुपयांचा आहे, सुटे पैसे नसले तर काय होते, आणि रात्री टाळे कधी लागते, हे सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ तरुणांच्या गटाने वहीत नोंदवावे. स्वच्छ भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे १ आणि २५ स्त्रियांमागे १ सीट असा निकष आहे. आपल्या वस्तीची संख्या त्याशेजारी लिहिली की तक्रारीला मोजमाप मिळते. मोफत मुतारी पुरुषांना आणि पैसे मात्र स्त्रियांना, ही विषमता मुंबईतल्या 'राइट टू पी' मोहिमेने २०११ पासून सार्वजनिक चर्चेत आणली, तीही मोजणी आणि सह्यांच्या बळावर.

याच टप्प्यावर आणखी एक चौकशी करून ठेवावी: जमीन कोणाची आणि संडास कोणी बांधला? मुंबईत वस्ती महापालिकेच्या, म्हाडाच्या, रेल्वेच्या, विमानतळाच्या किंवा खासगी जमिनीवर असू शकते. संडास पालिकेने बांधून वस्तीतल्या संस्थेकडे चालवायला दिलेला असू शकतो, किंवा आमदार-खासदार निधीतून म्हाडाने बांधलेला असू शकतो. कडी कोणी बसवायची याचे उत्तर या कागदात असते. ते न शोधता आम्ही एका वस्तीत प्रयोगाच्या शेवटी सर्वानुमते चुकीच्या कार्यालयाकडे मागणी नेली, आणि दोन महिने गेल्यावर 'हे आमच्या अखत्यारीत नाही' एवढे एक वाक्य हातात आले. गटाचा उत्साह त्या वाक्याने जितका मोडला तितका कोणत्याही विरोधाने मोडला नव्हता.

प्रश्न बारीक करणे

'स्वच्छता' या विषयावर नाटक होत नाही. 'रात्री दहानंतर स्त्रियांच्या बाजूला दिवा नसतो, चार दारांना कडी नाही, आणि केअरटेकर म्हणतो की बिल भरायला पैसे नाहीत', यावर होते. निवडलेल्या प्रश्नाला तीन कसोट्या लावाव्यात. तो वस्तीतल्या बऱ्याच जणांना रोज भिडतो का? त्यात कोणीतरी काही मिळवू पाहते आणि कोणीतरी अडवते, असा उघड संघर्ष आहे का? आणि निदान त्याचा एक तुकडा तरी सहा महिन्यांत सुटण्यासारखा आहे का? तिसरी कसोटी अनेकांना क्षुद्र वाटते, पण मी तीच सर्वांत महत्त्वाची मानतो. ज्या वस्तीने आयुष्यभर आश्वासने ऐकली आहेत तिला एक कडी बसलेली दिसणे हे भाषणापेक्षा मोठे असते, आणि त्या कडीच्या आधाराने पुढची मागणी करण्याचे बळ येते.

गट आणि तालीम

दहा ते चौदा जणांचा गट पुरे. अभिनयाची आवड असलेली मुलेच तेवढी घेऊ नयेत. रांगेत रोज उभी राहणारी मावशी, रात्रपाळीहून येणारा सुरक्षारक्षक आणि शक्य असेल तर सफाईचे काम करणारी व्यक्ती गटात असावी. सफाई कामगाराला वगळून संडासावर नाटक केले तर घाणीचा दोष हमखास त्याच्यावर ढकलला जातो, आणि त्या ढकलण्यात जात किती मुरलेली आहे हे गटाच्याही लक्षात येत नाही. यावर तालमीतच उघड बोलावे.

पहिल्या चार-पाच बैठकांत संवाद नकोतच. खेळ, डोळे मिटून एकमेकांच्या आधाराने चालणे, ताल धरणे यांतून अंग मोकळे होऊ द्यावे. मग 'पुतळे' करावेत: एकीने इतरांच्या शरीरांतून, न बोलता, रांगेचे चित्र उभे करायचे, बाकीच्यांनी त्यात काय दिसते ते सांगायचे, मग त्याच चित्राला 'असे असायला हवे' या रूपात बदलायचे, आणि शेवटी पहिल्या चित्रापासून दुसऱ्यापर्यंत जाताना कोण आधी हलते ते पाहायचे. ज्यांना चारचौघांत बोलायचा संकोच वाटतो त्या बायकांचे निरीक्षण इथे सर्वांत तीक्ष्ण असते.

भाषेबाबत हट्ट धरू नये. मुंबईच्या एका गल्लीत मराठी, भोजपुरी, दखनी आणि तमिळ शेजारीशेजारी नांदतात, आणि रांगेतले भांडण या सगळ्या भाषांत होते. नाटकातही ते तसेच ठेवावे. पात्राने आपल्या घरच्या भाषेत बोलावे आणि दुसऱ्या पात्राच्या उत्तरातून अर्थ कळावा. प्रमाण भाषेत सुधारून घेतलेला संवाद उच्चारताना माणूस ताठरतो, ते प्रेक्षकाला लगेच दिसते.

कोणाची गोष्ट, कोणाची परवानगी

ऐकताना मिळालेली गोष्ट ही सांगणाऱ्याच्या मालकीची असते. ती नाटकात घ्यायची असेल तर तीन गोष्टी कराव्यात. सांगणारीला पुन्हा भेटून विचारावे, आणि तेही गटासमोर नव्हे तर एकटीला, कारण गटासमोर 'नाही' म्हणता येत नाही. निदान तीन घरांच्या गोष्टी मिसळून एक पात्र घडवावे आणि घर, गल्ली, मुलांची संख्या, नोकरी असे ओळख पटवणारे तपशील बदलावेत. तालमीचा पूर्ण प्रयोग तिला प्रथम दाखवावा आणि नकार देण्याचा तिचा हक्क शेवटच्या दिवसापर्यंत राखावा. एखादा प्रसंग कितीही प्रभावी असला तरी ती नको म्हणाली की तो गेला.

लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर ती नाटकाची सामग्री नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा ज्याला कळेल त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून तालीम सुरू होण्याआधीच एखाद्या समुपदेशकाशी आणि स्त्रियांसाठी काम करणाऱ्या जवळच्या संस्थेशी बोलून ठेवावे. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक गटातल्या प्रत्येकाकडे असावेत. विषय संडासाचा असला तरी रात्रीच्या वाटेबद्दल बोलताना घरातल्या मारहाणीचे बोलणे निघतेच.

संहिता

चार प्रसंग पुरतात. आमच्या गटांनी बसवलेल्या एका नाटकाचा सांगाडा असा होता. पहिल्या प्रसंगात शालन नावाची बाई पहाटे रांगेत आहे, मुलीची शाळा आहे, मागून कोणी पुढे घुसते आणि ती गप्प राहते. दुसऱ्यात ती केअरटेकरला कडीबद्दल विचारते; तो बिलाचा कागद दाखवतो आणि संडास चालवणाऱ्या वस्तीतल्या समितीकडे बोट करतो. तिसऱ्यात ती घरी नवऱ्याला समितीच्या बैठकीला जाण्याबद्दल विचारते. तो म्हणतो, 'संडासावरून भांडायला तू चारचौघांत जाणार?' चौथ्यात ती तरीही बैठकीला जाते, पण विषयपत्रिकेत हा विषय नसतो, आणि ती तोंड उघडण्याआधीच बैठक संपते. रात्री मुलगी हाक मारते, 'आई, चल ना', आणि शालन टॉर्च उचलते. तिथे नाटक संपते.

या सांगाड्यात दोन गोष्टी जाणीवपूर्वक ठेवल्या आहेत. शालन हरते, पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी मागून हरते. जी काहीच मागत नाही तिची प्रेक्षकाला दया येते, तिच्या जागी उभे राहावेसे वाटत नाही. आणि अडवणारी माणसे खलनायक नाहीत. केअरटेकरचा पगार थकलेला असू शकतो, नवऱ्याला खरोखरच लोकांच्या बोलण्याची धास्ती असू शकते. खलनायक रंगवला की प्रेक्षक त्याला मारायला उठतात आणि रस्ता शोधायचे विसरतात. प्रत्येक प्रसंगात 'इथे वेगळे करता आले असते' अशी निदान एक फट राहिली पाहिजे. फट नसेल तर प्रेक्षक उठणार नाहीत, आणि दोष प्रेक्षकांचा नसेल. शेवटी उपाय सांगणारे गाणे जोडण्याचा आग्रह कोणीतरी धरेलच. तो मान्य करू नये. उत्तर नाटकाने दिले की लोकांकडे टाळ्या वाजवण्याखेरीज काही उरत नाही.

सूत्रधार

या प्रकारात सर्वांत कठीण भूमिका सूत्रधाराची आहे. तो सुरुवातीला नियम सांगतो, प्रेक्षकांना बोलावतो, आलेल्याला आदराने मंचावर आणतो आणि प्रत्येक प्रयत्नानंतर लोकांना विचारतो, 'हे आपल्या गल्लीत होऊ शकेल?' कोणी केअरटेकरच्या जागी जाऊन 'घे बाई, उद्याच कडी लावतो' म्हणाला, तर ते स्वीकारू नये, कारण अडवणारा अचानक चांगला झाला तर प्रश्न कधी नव्हताच असे होते. बदल शालनच्या, किंवा तिला साथ देऊ शकणाऱ्या शेजारणीच्या जागेवरून व्हायला हवा. समोरच्या नटांनीही सहज हार मानू नये आणि अकारण आडमुठेपणाही करू नये. खऱ्या आयुष्यात ते पात्र जितके ताणेल तितकेच ताणावे. यासाठी नटांची वेगळी तालीम लागते, ज्यात गटातलेच लोक प्रेक्षक होऊन नाना तऱ्हेचे उपाय आणतात.

सूत्रधाराने स्वतःचे मत देऊ नये, कोणाच्या उपायाला शाबासकीही देऊ नये. हे फार जड जाते. पण एका उपायाला 'वा!' म्हटले की पुढचे सगळे त्याच वळणाचे उपाय येऊ लागतात. शक्यतो सूत्रधार बाई असावी आणि वस्तीतलीच असावी. बाहेरून आलेल्या सुशिक्षित माणसासमोर लोक योग्य वाटणारे उत्तर देतात, शेजारणीसमोर खरे देतात.

परवानग्या आणि जागा

प्रयोगाच्या निदान तीन आठवडे आधी स्थानिक पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. त्यात तारीख, वेळ, जागा, अंदाजे उपस्थिती आणि जबाबदार दोन व्यक्तींची नावे असावीत. नाटकाच्या संहितेसाठी राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, म्हणून मूळ नाटकाची लेखी प्रत आधीच तयार ठेवावी. महापालिकेच्या जागेवर प्रयोग असेल तर वॉर्ड ऑफिसची परवानगी वेगळी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरातील शांतता क्षेत्रही पाहून घ्यावे. खरे तर दीडशे-दोनशे माणसांच्या गोलाला ध्वनिक्षेपकाची गरज नसते; हलगी किंवा डफ लोकांना जमवतो आणि नंतर उघडा आवाज पुरतो.

जागा निवडताना एकच विचार करावा: इथे कोण उभे राहू शकत नाही? मंदिराच्या आवारात काही घरे येत नाहीत, मंडळाच्या ऑफिससमोर काही घरे येत नाहीत, नाक्यावरच्या पानाच्या टपरीजवळ मुली थांबत नाहीत. बहुतेक वेळा नळाजवळची मोकळी जागा किंवा बालवाडीचे अंगण योग्य ठरते. पाहुण्यांसाठी खुर्च्या, हार आणि व्यासपीठ ठेवू नये. खुर्ची ठेवली की तिच्यावर कोणीतरी बसते, आणि ज्याच्याबद्दल बोलायचे तोच समोर बसला की बोलणे आटते. नगरसेवक आले तर त्यांनी गोलात सर्वांबरोबर बसावे, हे त्यांना आधीच नम्रपणे सांगावे. मी पाहिलेल्या बहुतेकांनी ते मान्य केले.

प्रयोग

पहिला प्रयोग फक्त बायकांसाठी करावा, दुपारी, बंद जागेत. मिश्र गर्दीत पहिली उठणारी व्यक्ती बहुधा पुरुष असते, आणि तो शालनच्या जागी जाऊन जे सहज करून दाखवतो ते तिला का करता येत नाही हेच त्याला माहीत नसते. बायकांच्या प्रयोगात जे उपाय निघतात ते नोंदवून, त्यांच्याच संमतीने चौकातल्या प्रयोगात गटातल्या कोणीतरी पहिला हस्तक्षेप म्हणून आणावेत. मग इतर बायका उठतात.

पहिल्यांदा 'कोण येईल?' असे विचारल्यावर शांतता पसरते, आणि ती असह्य वाटते. सूत्रधाराने ती भरून काढू नये. प्रेक्षकांना दोघादोघांत एक मिनिट बोलायला सांगावे. त्या कुजबुजीतून धीर येतो. जी उठत नाही पण जागेवरून ओरडून सांगते तिला तिथूनच संवाद बोलू द्यावा. नव्वद मिनिटांत सहा ते आठ हस्तक्षेप झाले तर प्रयोग चांगला झाला असे समजावे.

दोन लेखनिक नेमावेत. एकाने प्रत्येक उपाय, तो कोणत्या प्रसंगात आला आणि समोरच्या पात्राने तो कसा अडवला हे लिहावे. दुसऱ्याने प्रेक्षकांतली हलचल लिहावी: कुठे हशा आला, कुठे कोणी उठून गेले, कुठे एकदम सगळे गप्प झाले. चित्रीकरण करायचे असेल तर ते गटाच्या नोंदीपुरते करावे आणि सुरुवातीला सर्वांना सांगून करावे. प्रेक्षकातून उठलेल्या बाईचे चित्रण समाजमाध्यमांवर गेले आणि त्यावरून तिला घरी ऐकून घ्यावे लागले, तर त्या वस्तीत पुन्हा कोणी उठणार नाही.

प्रयोग संपल्यावर गटातले चार जण अर्धा-पाऊण तास तिथेच थांबावेत. सर्वांत महत्त्वाचे बोलणे अनेकदा सतरंजी गुंडाळताना होते.

नाटकानंतर

आठ दिवसांच्या आत बैठक घ्यावी. पंधरा दिवस गेले की आच विझते. बैठकीत लेखनिकाची वही मोठ्याने वाचावी आणि उपायांची तीन भागांत विभागणी करावी: जे वस्तीच करू शकते, जे समितीने करायचे आहे आणि जे पालिकेने किंवा म्हाडाने करायचे आहे. कडी-कोयंडे वर्गणीतून एका रविवारी बसवता येतात. बैठकीची विषयपत्रिका दोन दिवस आधी संडासाच्या भिंतीवर लावणे आणि समितीत स्त्रियांच्या जागा वाढवणे, हे समितीकडून मिळवायचे. दिवे, पाणी आणि सीटची संख्या यांसाठी संबंधित कार्यालयात अर्ज जातो.

अर्ज एका पानाचा असावा. मोजणीचे आकडे, एक निश्चित मागणी, सह्या, आणि सोबत रात्रीच्या वाटेचा नकाशा. तो आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. तोंडी आश्वासनावर परत येऊ नये. महिन्याभरात उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांचे शुल्क भरून त्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. ही कामे संस्थेच्या कार्यकर्त्याने न करता नाटकातल्या दोघीतिघींनीच करावीत आणि कार्यकर्त्याने सोबत जावे. जिने चौथ्या प्रसंगात बैठकीत बोलण्याचा सराव वीस वेळा केला आहे, ती कारकुनासमोर वेगळीच उभी राहते. बोआल स्वतः १९९३ ते १९९६ या काळात रिओ दि जानेरोच्या नगरपरिषदेत सदस्य होते आणि वस्त्यांतल्या अशा नाटकांतून आलेल्या सूचनांवरून त्यांनी १३ कायदे संमत करून घेतले. आपल्याकडे तेवढे घडायला वेळ आहे, पण शिक्का मारलेली प्रत हातात येणे आजही शक्य आहे.

तीन महिन्यांनी त्याच चौकात दुसरा प्रयोग लावावा. सुरुवातीला शालनची भूमिका करणारीने वहीतून काय झाले आणि काय झाले नाही ते वाचून दाखवावे, आणि जे अडले आहे तेच नाटकाचा नवा प्रसंग म्हणून आणावे. कार्यालयातली फेरी हा प्रसंग बहुधा स्वतःच लिहून तयार झालेला असतो. वही, मोजणीचे तक्ते, संहिता आणि हलगी त्या दिवशी गटाच्या ताब्यात द्यावी. ती कोणाच्या घरी ठेवायची हे गटाने ठरवावे, आणि किल्ली दोघींकडे असावी.